उसामागं लावलेल्या गाड्या

परवा सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आंबूस वास भरून राहिला होता. ओट्याच्या कोपऱ्यात, गाडग्याला फडकं बांधून, ज्वारीची अंबील मुरायला ठेवली होती. ठेवली मीच होती, आणि तरीही त्या वासानं मी क्षणभर थबकले. नांदेडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली धुणी दिसतात, दुसरं काही नाही. पण अंबिलीला मजला कळत नाही. ती मुरायला लागली की घरात शेत येतं. हरभऱ्याची आंब बोटांना लागते, करडईचे काटे पोटऱ्यांना टोचतात, तुरीच्या शेंगा कुठंतरी उकडत असतात. कॉलेजात पहिला तास घ्यायचा असतो आणि मी आपली फडक्यावर हात ठेवून उभी.

येळवस आली. पुस्तकी मराठीत तिला वेळ अमावास्या म्हणतात. तसं म्हणणारा माणूस आमच्याकडं लांबचा पाहुणा समजून त्याला आधी जेवायला वाढतात. मार्गशीर्षातली ही अमावास्या. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, त्यांची पूजा करायची, आणि मग अंबील, बाजरीचे उंडे आणि सगळ्या शेंगा-भाज्या घालून केलेली भज्जी पोटाला तडस लागेपर्यंत खायची. ज्याला शेत नाही तो ओळखीच्याच्या शेतात जातो. ज्याला ओळख नाही त्याला बांधावरून हाक मारतात. लातूर शहर त्या दिवशी इतकं रिकामं असतं की रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही करमत नसावं.

लहानपणी आम्ही बैलगाडीतून जायचो. मांडीवर अंबिलीचं गाडगं, गाडगं हिंदकळलं की आईचा एक धपाटा. आता त्याच पांदीतून कार जातात, आणि मांडीवरचं गाडगं तेच. मला मात्र या सगळ्या येळवशींमधली एकच पुन्हा पुन्हा आठवते, अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता त्या वर्षीची. ती आठवायची तर आधी अण्णांबद्दल सांगायला हवं, आणि अण्णांबद्दल सांगायचं तर बैलांबद्दल.

अण्णा म्हणजे माझे वडील. देवणी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची शेती बेताचीच, पण जनावराची पारख मोठी. कुणाला जोडी घ्यायची झाली की बाजाराच्या दिवशी पहाटे आमच्या अंगणात माणूस हजर. अण्णा चहा घेत, धोतराचा सोगा सावरत, आणि निघत. बाजारात गेल्यावर सगळे बैलाचे दात बघत, शिंगं बघत. अण्णा मागं जाऊन उभे राहत आणि म्हणत, ‘चालवून दाखव.’ मग डोळे बारीक करून ती चाल बघत बसत. त्यांनी मान हलवली की व्यवहार झाला. नाही हलवली तर बैल फुकट मिळाला तरी लोक घेत नसत. आणि एखाद्या वेळी पारख चुकलीच, बैल बसका निघाला, तर अण्णा त्या माणसाची पेरणी आपल्या बैलांनी करून देत. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. शब्द दिला म्हणजे तो निभवायचा, एवढंच त्यांना माहीत होतं.

बैल गेले, गाड्या आल्या. गावात कार घ्यायचं पहिल्यांदा मनात आणलं ते आमच्या बांधशेजाऱ्यांनी, गुंडेरावकाकांनी. आणि ते सवयीनं सकाळी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. अण्णांना सायकलसुद्धा धड येत नव्हती, पण ते निघाले. मी तेव्हा लातूरला शिकायला होते, त्यामुळं मलाही शोरूममध्ये बोलावलं. अण्णांनी काचेसारख्या फरशीवर चपला काढल्या. गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. दार उघडून लावलं, पुन्हा उघडून लावलं, कान देऊन ऐकलं. टपावर थाप मारली. मग मागं जाऊन उभे राहिले आणि विक्रेत्याला म्हणाले, ‘चालवून दाखवा.’ शोरूमच्या आवारात तो बिचारा चकरा मारत होता आणि अण्णा उन्हात डोळे बारीक करून बघत होते.

‘कपाळ रुंद हाय,’ शेवटी ते गुंडेरावकाकांना म्हणाले. ‘डोळे गरीब हायत. ही मारकी निघायची न्हाई.’

भावाची बोलणी आली तेव्हा त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मॅनेजरच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं दाबून करतात, म्हणजे भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. मॅनेजर परगावचा. त्याला वाटलं, बाबा हात बघतायत. तो हळूच म्हणाला, ‘बदलीचा योग आहे का तेवढं सांगा.’ गुंडेरावकाका पुढं कितीतरी दिवस हे सांगून हसायचे.

त्या कंपनीचं नाव मी इथं घेणार नाही. घेतलं तर अर्धे वाचक लगेच माझे सख्खे होतील आणि अर्धे पान उलटून पुढं जातील. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी हे रोज बघते. एरवी एकमेकांच्या डब्यातलं वाटून खाणारी माणसं, गाडीचा विषय निघाला की खुर्च्या मागं सारतात. ज्या मालकाचं तोंड पाहिलेलं नाही, ज्याला आपण जन्मात भेटणार नाही, त्याच्या कारखान्यासाठी चहा थंड करतात. आपल्या गाडीचा खडखडाट हा रस्त्याचा दोष, दुसऱ्याच्या गाडीचा खडखडाट हा कंपनीचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आई म्हणते, जावई आणि गाडी, केल्यावर नावं ठेवू नयेत. हे ती माझ्या नवऱ्यासमोरच म्हणते.

माझं सासर कंधारकडचं. तिथं जनावर लाल. लालकंधारीशिवाय दावणीला दुसरं चालत नाही. आमचं माहेर देवणीचं, पांढऱ्या अंगाचं आणि काळ्या गालांचं. लग्नाच्या बैठकीत मुलामुलीचं जमलं, पत्रिकेचं कुणी विचारलं नाही, पण दोन्हीकडचे म्हातारे बैलांवरून तासभर हुज्जत घालत बसले होते. पुढं सासरी गाडी आली ती दुसऱ्याच कंपनीची, आणि हुज्जत नुसती चार चाकांवर चढली. तेव्हापासून मला वाटतं की हे वेड गाड्यांचं नाहीच. ते दावणीचं आहे. आपल्या दारात जे उभं असतं ते आपण निवडलेलं असतं, आणि त्याला कुणी हसलं तर आपल्या निवडीला हसलं. माणूस स्वतःबद्दलचं वाईट एकवेळ ऐकून घेईल, स्वतःच्या पारखीबद्दलचं नाही.

अण्णांच्या शब्दावर गावात एकामागून एक गाड्या आल्या, सगळ्या त्याच रुंद कपाळाच्या. आमच्याकडंही आली, माझा भाऊ दत्ता ती चालवायचा आणि अण्णा डाव्या बाजूला ताठ बसायचे. पोळ्याला त्यांनी तिच्या आरशांना गोंडे बांधले, कपाळाला कुंकू लावलं आणि पुढच्या जाळीत पुरणपोळी ठेवली. बैलाला घास द्यायचा तर हिला का नाही? सकाळी गाडी सुरू होईना. उंदरांनी पोळी खाल्ली आणि तोंडी लावायला आतल्या वायरी. दत्ता डोक्याला हात लावून बसला. अण्णा म्हणाले, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिशी बैलबी सुस्त असतोय. गाडीला नावं ठेवू नको.’

मग कंपनीनं ते मॉडेल बंद केलं. लातूरचं शोरूम गेलं, त्या जागी सोफ्यांचं दुकान आलं. सुटे भाग मिळेनात. गावातल्या गाड्या एकेक करून गोठ्यात जाऊन बसल्या, आणि अण्णा जास्तच जोरात त्यांची बाजू घ्यायला लागले. पडत्याची बाजू घ्यायला माणसाला कुठून बळ येतं कोण जाणे. पण मी बघत होते, ते एकटे असताना गप्प असायचे. ट्रॅक्टर भाड्यानं करून गाडी बसलेल्या गुंडेरावकाकांचा माल बाजारात नेऊन देण्याची व्यवस्था त्यांनी दोनदा केली. पारख चुकली की पेरणी करून द्यायची, ही जुनी रीत. पण कारची पेरणी कशी करून देणार?

त्याच वर्षी डोळे गेले. म्हणजे जात होते. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, फार उशीर केला तर नजर परत येईलच असं सांगता येत नाही. आमची गाडी तेव्हा चाकं काढून विटांवर उभी होती, कुठलासा भाग हैदराबादहून यायचा होता. अण्णांचं एकच, ‘आपली गाडी उभी राहिली की जाऊ.’ मी फोनवर म्हटलं, एस.टी.नं नेते. त्यावर त्यांचा आवाज चढला. ‘गावात यवढ्या गाड्या माझ्या शब्दावर आल्या, आन मी डोळ्याचं आपरेशन करायला एस.टी.नं जाऊ?’ दसरा गेला, दिवाळी गेली. तो भाग काही आला नाही. आईनं मला हळूच सांगितलं की परवा त्यांनी दुधाचा तांब्या समजून पाण्याचा तांब्या देवापुढं ठेवला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. एका कारखान्याच्या अभिमानापायी माझे वडील आंधळे होणार, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

येळवशीला आम्ही निघालो. मुखेड ओलांडलं की हवा बदलते, की मलाच तसं वाटतं, कळत नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, कणसांवर धुकं, मध्येच करडईचा पिवळा तुकडा. गाडी आमची नवीन होती, सुधीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पसंतीची, अर्थातच दुसऱ्या कंपनीची. मीच चालवत होते. चाळिशी उलटल्यावर शिकले, त्यामुळं हौस मोठी. उदगीरजवळ दत्ताचा फोन आला.

‘ताई, गाडी शेतापर्यंत आणू नको. गुंडेरावकाकाच्या उसामागं लाव आन चालत ये.’

‘का रे?’

‘लाव म्हणलं ना. समदे तिथंच लावून राहिलेत.’

उसामागं गेले आणि ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले. उसाच्या आडोशाला, सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात, गाड्यांची रांगच रांग होती. पांढऱ्या, करड्या, एक तांबडी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि रुंद कपाळाची त्यात एकही नाही. गावानं गुपचूप गाड्या बदलल्या होत्या. कुणी दसऱ्याला, कुणी पाडव्याला. आणि अण्णांना दिसू नये, त्यांच्या शब्दाचा मान राहावा, म्हणून सगळी मंडळी इथं गाड्या लपवून, डोक्यावर गाडगी घेऊन, ढेकळं तुडवत आमच्या खोपीकडं चालली होती. मी आमची गाडी रांगेच्या टोकाला लावली. सुधीर हसायला लागला, मग माझ्याकडं बघून थांबला.

खोपीपुढं घोंगडीवर अण्णा बसले होते. डोळ्यांत निळसर सायीसारखं काहीतरी. ते पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखत होते. ‘औंदा समदे पायीच येऊन राहिले,’ ते म्हणाले. ‘गुंडू, गाडीला काय झालं?’

‘शुगर हाय अण्णा मला. डॉक्टर म्हणले, चालत जावा.’

‘आन तुझी, बापू?’

‘पोरगं घेऊन गेलंय.’

पुढच्याचा टायर बसला होता, त्याच्या पुढच्याला रान बघत यायचं होतं. अण्णा प्रत्येकाचं ऐकून घेत होते आणि ‘बरं’ म्हणत होते. माझ्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी मला काहीच विचारलं नाही. आम्ही खोपीभोवती अंबील शिंपडत फिरलो, जेवलो, सावलीत आडवे झालो. ऊन असं होतं की अंगावर घ्यावं आणि झोपावं. आई भज्जीच्या पातेल्यावर ताटली झाकत होती, बाजूला कुणीतरी हुरड्याची राख फुंकत होतं, आणि मला सारखं वाटत होतं की आता कुणीतरी बोलावं. डोळ्यांबद्दल बोलावं, गाडीबद्दल बोलावं. पण लांबून ऊस सळसळला की सगळे तिकडं बघायचे आणि पुन्हा मान वळवायचे.

दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवून पिकाला ओवाळायची असते. अण्णांनी ती दरवर्षीसारखी हातात घेतली. दत्तानं त्यांचा दुसरा दंड धरला. ज्वारीच्या कडेकडेनं उजेड हलत चालला, आम्ही सगळे मागून. बांधाच्या टोकाशी आल्यावर परत फिरायचं असतं. अण्णा फिरले नाहीत. ते उसाला वळसा घालून सरळ पुढं गेले, आणि पेंढीचा उजेड त्या रांगेवर पडला. किती दिवे एकदम चमकले. पुढचे काचेचे डोळे, आरसे, टपं. अंधारात बसलेली गुरं कंदिलाकडं बघतात तशा त्या गाड्या बघत होत्या.

गुंडेरावकाकांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

‘काय बघलालाव अण्णा, चला परत,’ दत्ता म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात जीव नव्हता.

अण्णांनी पेंढी त्याच्या हातात दिली आणि पहिल्या गाडीच्या कपाळावर तळवा ठेवला. मग दुसऱ्या. हातानंच बघत होते, बाजारात बघायचे तसं, सावकाश. एका गाडीशी थांबून म्हणाले, ‘गुंडू, ही तुझी. ह्या शुगरवाल्याच्या गाडीला त्याच्या रोजच्या अत्तराचा वास येतोय.’

गुंडेरावकाका पुढं झाले. ‘अण्णा, तुमच्या शब्दाबाहेर गेलो. तोंड कसं दाखवावं म्हणून...’

‘आरं, मला डोळ्यानं दिसत न्हाई. कानाला काय झालंय?’ अण्णा म्हणाले. ‘दिवाळीपसून ऐकलालो मी, आजबी समद्या उसामागं थांबल्याल्या ऐकल्या. आपल्या घरावरून रोज नवी गाडी जातीया, आन घरापशी आली की हळू व्हतीया. मी आपला वाट बघत बसलो, आज कुणी येऊन सांगंल, उद्या सांगंल.’ त्यांनी पुढच्या टपावर हात ठेवला. ‘बैल म्हातारा झाला की बदलतोच की माणूस. त्याचं मला काय? पर बदलताना मला नेत व्हते तुमी. औंदा कुणी अंगणात आलं न्हाई.’

मला वाटतं त्या उजेडात तिथल्या प्रत्येकाला एकदमच कळलं. इतके दिवस आम्ही एका कंपनीला जपत होतो, आणि तिच्याशी या माणसाचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त सकाळी अंगणात कुणीतरी येऊन उभं राहायला हवं होतं. आपण म्हणतो ना, आमच्या घरात अमुकच गाडी. त्यातला ‘अमुक’ आपण उगाच मोठ्यानं म्हणतो. मोठ्यानं म्हणायचं असतं ते ‘आमच्या घरात’. ते म्हणायला जमत नाही म्हणून माणसं इंजिनावरून भांडत बसतात.

मी पुढं गेले. शेवटच्या गाडीवर त्यांचा हात धरून ठेवला आणि म्हटलं, ‘अण्णा, ही माझी. कशी आहे बघता का?’

ते मागं जाऊन उभे राहिले. दत्ताच्या खांद्यावर हात ठेवला, मान तिरकी केली, आणि म्हणाले, ‘चालवून दाखव.’

त्या सोयाबीनच्या रानात, मावळतीला, मी गाडी फिरवली. धसकटं चाकाखाली करकर मोडत होती. वळताना दिव्यांच्या झोतात सगळं गाव दिसायचं, ओळीनं उभं, हातांत रिकामी गाडगी. पुढच्या वळणाला नुसती ज्वारी, मग पुन्हा गाव. मधोमध अण्णा, डोळे मिटलेले, ऐकत. मला आयुष्यात कुठल्या परीक्षेची इतकी धास्ती वाटली नव्हती. थांबले तेव्हा सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. अण्णांनी मान हलवली नाही, बरी म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, ‘माझं धोतर पिशवीत घाल. सकाळी नांदेडला जायचंय.’

डोळ्यांचं पुढं नीट झालं. डॉक्टर थोडे रागावले, मग त्यांनी ऑपरेशन केलं. आता अण्णा ऐंशीच्या पुढं आहेत, कालच फोनवर विचारत होते, अंबील लावलीस का, पातळ करू नको. त्यांच्या अंगणात पुन्हा माणसं येतात. परवा कुणी विजेवर चालणारी गाडी घ्यायची म्हणून त्यांना घेऊन गेलं, आणि आवाजच न करणाऱ्या जनावराची पारख कशी करावी, या पेचात ते सध्या आहेत.

पण मला राहून राहून आठवते ती त्या येळवशीनंतरची सकाळ. उदगीरच्या नाक्यावर चहाला थांबलो होतो. अण्णा डाव्या बाजूला ताठ बसलेले, मांडीवर पिशवी, डोळ्यांवर उन्हासाठी बांधलेलं हिरवं फडकं. बाजारातला एक जुना व्यापारी त्यांना ओळखून खिडकीशी आला. उभ्या जन्मात अण्णांच्या तोंडून त्यानं एकाच कंपनीचं कौतुक ऐकलेलं. त्यानं गाडीकडं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि खिडकीत वाकून मिस्कीलपणे विचारलं, ‘आं, अण्णा? ही वो कोणच्या कंपनीची?’

मी चहाचा पेला हातात धरून थांबले.

अण्णांनी फडक्याआडून त्याच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

‘माझ्या लेकीची,’ ते म्हणाले.